दुर्बिणी राखण्याचा खर्च कोण देणार?

प्रति,
मा. संपादक,
वाचकपत्रे विभाग, सोलापूर आवृत्ती

विषय : महाकाय रेडिओ दुर्बिणी, त्यांचा ऱ्हास आणि विज्ञानावरील सार्वजनिक खर्च

महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या वाचकपत्रांच्या सदरात नुकताच एका सोलापूरकर वाचकाने एक प्रश्न विचारला होता. ज्या शहरात नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येते, त्या शहरातल्या करदात्याच्या पैशातून दूरच्या ताऱ्यांचे आवाज ऐकणारी यंत्रे, म्हणजे आकाशातून येणाऱ्या रेडिओ लहरी टिपणाऱ्या दुर्बिणी, कशासाठी पोसायची, असा त्याचा आशय होता. या प्रश्नाला ‘तुम्हाला विज्ञान कळत नाही’ असे उत्तर देणे उद्धटपणाचे होईल. प्रश्न रास्त आहे आणि तो विचारण्याचा हक्क पाण्याची भांडी भरून ठेवणाऱ्या प्रत्येकाला आहे. मी शास्त्रज्ञ नाही. सहकारी साखर कारखान्यात यंत्र विभागात नोकरी करून निवृत्त झालेला अभियंता आहे, आणि यंत्रे बांधण्यापेक्षा ती चालू ठेवण्यातच माझे आयुष्य गेले आहे. त्यामुळे या प्रश्नाकडे मी देखभालीच्या बाजूने पाहतो. त्या बाजूने पाहिल्यास असे दिसते की सरकारांना मोठी दुर्बीण बांधण्याचे पैसे नेहमी मिळतात. ती राखण्याचे मिळत नाहीत. सार्वजनिक पैशाची खरी उधळपट्टी होते ती या दुसऱ्या ठिकाणी.

पोर्टो रिको या कॅरिबियन बेटावरील अरेसिबो दुर्बिणीचे उदाहरण मला सविस्तर मांडावेसे वाटते. चुनखडीच्या डोंगरांतील एका नैसर्गिक खळग्यात ३०५ मीटर व्यासाची वाटी तयार करून ही दुर्बीण १९६३ साली सुरू झाली, आणि त्या वेळी तिच्यावर सुमारे ९३ लाख डॉलर खर्च झाले होते. वाटी जमिनीत पक्की बसवलेली होती. तिच्या वर सुमारे १४० मीटर उंचीवर लहरी टिपणारी यंत्रसामग्री असलेला फलाट तीन मनोऱ्यांवरून पोलादी दोरांनी टांगलेला होता. कालांतराने त्यावर नवी उपकरणे चढत गेली आणि त्याचे वजन ९०० टनांवर गेले. मूळ हेतू वातावरणाच्या वरच्या थराचा, म्हणजे आयनांबराचा अभ्यास हा होता, आणि पैसा अमेरिकेच्या संरक्षण खात्यातून आला होता. खगोलशास्त्राला ती जवळजवळ आयतीच मिळाली असे म्हणावे लागेल.

पण त्या आयत्या यंत्राने काय काय दिले ते पाहावे. बुध ग्रह स्वतःभोवती ८८ दिवसांत फिरतो असे पाठ्यपुस्तकांत छापले जात होते. या दुर्बिणीने बुधाकडे रडारच्या लहरी सोडल्या, परतलेला प्रतिध्वनी मोजला आणि १९६५ साली तो काळ ५९ दिवसांचा ठरला. १९७४ साली टेलर आणि हल्स या गुरु-शिष्यांना येथेच एकमेकांभोवती पावणेआठ तासांत फिरणारी मृत ताऱ्यांची एक जोडी सापडली. त्या जोडीची कक्षा वर्षानुवर्षे किंचित आकसत जाते आणि ती आइन्स्टाइनच्या गणिताप्रमाणेच आकसते, हे पुढे दिसून आले, आणि या जोडीच्या शोधाबद्दल दोघांना १९९३ चे नोबेल मिळाले. कक्षेचे ते आकसणे हा गुरुत्वीय लहरी, म्हणजे अवजड वस्तूंच्या हालचालीने अवकाशात उठणारे तरंग, अस्तित्वात असल्याचा पहिला, अप्रत्यक्ष का होईना, पुरावा होता. सूर्याव्यतिरिक्त दुसऱ्या ताऱ्याभोवतीचे ग्रह निश्चितपणे प्रथम सापडले तेही १९९२ साली याच वाटीतून. शिवाय पृथ्वीच्या जवळून जाणाऱ्या लघुग्रहांचा आकार आणि मार्ग रडारने मोजण्याचे काम ती शेवटपर्यंत करीत होती. चीनने २०१६ साली ग्वेजौ प्रांतात ५०० मीटरची ‘फास्ट’ दुर्बीण उभारली. ती अरेसिबोपेक्षा मोठी आहे आणि बाहेरच्या देशांतील शास्त्रज्ञांनाही खुली झाली आहे. परंतु ती फक्त ऐकते. अरेसिबो हाक मारून प्रतिसादही ऐकत असे, आणि तिच्या तोडीची हाक मारणारी दुसरी दुर्बीण आज जगात नाही.

ही दुर्बीण १ डिसेंबर २०२० रोजी सकाळी कोसळली. उंच बांधकाम जमिनीवर यायला किती सेकंद लागतात हे १५ जून २०२३ रोजी सिद्धेश्वर कारखान्याची चिमणी पाडली जाताना पाहिलेल्या सोलापूरला वेगळे सांगायला नको. फरक इतकाच की आपली चिमणी ठरवून पाडली होती आणि तेथे दोर आपोआप तुटले. मनुष्यहानी झाली नाही, कारण धोका ओळखून माणसे आधीच दूर नेली होती.

तुटले कसे, हे येथे थोडे तपशिलाने सांगतो, कारण ते माझ्या धंद्यातले आहे. जाड पोलादी दोर मनोऱ्याला किंवा फलाटाला जोडायचा असतो तेव्हा त्याचे टोक उलगडून प्रत्येक तार सुटी करतात. ती पसरलेली टोके शंकूच्या आकाराच्या पोलादी सॉकेटमध्ये ठेवतात आणि वरून वितळलेले जस्त ओततात. जस्त थंड झाले की तारा आणि जस्त यांची मिळून एक पाचर बनते, आणि दोर जितका ओढला जाईल तितकी ती पाचर सॉकेटमध्ये अधिक घट्ट बसते. ही पद्धत जुनी आणि भरवशाची आहे. परंतु जस्त हा मऊ धातू आहे. सततच्या मोठ्या ताणाखाली तो वर्षानुवर्षे अगदी सावकाश वाहत राहतो. अरेसिबोत नेमके हेच झाले. १९९० च्या दशकात वजन वाढले म्हणून जादा दोर लावण्यात आले होते. त्यांतला एक १० ऑगस्ट २०२० रोजी सॉकेटमधून निसटला आणि त्याने वाटीत मोठी चीर पाडली. नवा दोर मागवण्याची तयारी चालू असतानाच ६ नोव्हेंबरला त्याच मनोऱ्याचा एक मुख्य दोर तुटला, आणि तोही त्याच्या किमान ताकदीच्या सुमारे ६० टक्केच भार त्यावर असताना. मग अभियंत्यांनी हात टेकले. दुरुस्तीसाठी वर चढणाऱ्या माणसाच्या जिवाची हमी कोणी देऊ शकत नव्हते. या दुर्बिणीला निधी देणाऱ्या अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशन या सरकारी संस्थेने १९ नोव्हेंबरला दुर्बीण बंद करण्याचा निर्णय जाहीर केला आणि पुढच्या बारा दिवसांत तिने स्वतःच प्रश्न मिटवला.

अमेरिकेच्या राष्ट्रीय अकादमींच्या समितीने २०२४ साली या घटनेचा अहवाल दिला. त्यात बोट ठेवले आहे ते जस्ताच्या या सरकण्यावर. सप्टेंबर २०१७ मधील मारिया चक्रीवादळानंतरच्या पाहणीत दोर सॉकेटमधून सुमारे इंचभर बाहेर आलेला डोळ्यांनी दिसत होता, तरी त्याचे गांभीर्य ओळखले गेले नाही, हेही त्यात नमूद आहे. इंचभर! आमच्या गव्हाणीवर ऊस उतरवणाऱ्या क्रेनच्या दोराचे टोक अर्धा सूत जरी सरकलेले दिसले असते, तरी फोरमनने शिट्टी वाजवून क्रेन थांबवली असती. निदान थांबवायला हवी होती, असे म्हणतो.

पैसा कमी पडला म्हणून दोर तुटला, असे सरळ समीकरण मी मांडणार नाही. दोर जस्तामुळे सुटला. परंतु ज्या संस्थेचे पुढच्या वर्षीचे अस्तित्वच दर वर्षी टांगणीला लागलेले असते, तिथे सॉकेटकडे रोखून पाहणारा अनुभवी माणूस टिकत नाही, ही गोष्ट कोणत्याही कारखान्यातला मेंटेनन्सवाला सांगेल. २००६ साली फाउंडेशनच्याच परीक्षण समितीने सुचवले होते की अरेसिबोचा निधी कमी करावा, आणि अन्य कोणी भार उचलला नाही तर २०११ नंतर ती बंद करावी. त्यानंतर चालक संस्था दोनदा बदलली. पन्नास वर्षांच्या जवळपास ती चालवणाऱ्या कॉर्नेल विद्यापीठाकडून ती एका संशोधन संस्थेकडे गेली, आणि २०१८ साली फ्लोरिडातील एका विद्यापीठाकडे. या शेवटच्या करारात फाउंडेशनचा वाटा वर्षाला सुमारे ८० लाख डॉलरवरून पाच वर्षांत २० लाखांवर आणायचे ठरले होते. ज्या फाउंडेशनचे वार्षिक अंदाजपत्रक तेव्हा सुमारे ८०० कोटी डॉलरचे होते, त्याला हजारातला एक भाग जड झाला होता.

माझ्या नोकरीतला एक अनुभव येथे सांगावासा वाटतो. कारखान्याचे नाव घेण्याचे कारण नाही. बंद हंगामात क्रेनच्या दोराची तपासणी करताना आम्ही हातात कॉटन वेस्टचा बोळा घेऊन तो दोरावरून सावकाश ओढत न्यायचो. जिथे आतली तार तुटलेली असते तिथे बोळ्याचा धागा अडकतो, आणि एका पिळात किती ठिकाणी अडकतो यावर दोर ठेवायचा की काढायचा ते ठरते. एका वर्षी बोळा जागोजागी अडकला. दोर बदलण्याचा प्रस्ताव मी दिला. त्याच सभेत नव्या प्रकल्पाच्या कोट्यवधींच्या खर्चाला टाळ्यांच्या गजरात मंजुरी मिळाली आणि दोराचा प्रस्ताव ‘अजून एक हंगाम निघेल’ म्हणून पुढे ढकलला गेला. हंगाम निघाला नाही. गाळप जोरात असताना दोर तुटला. सुदैवाने खाली कोणी नव्हते, पण गव्हाण बंद पडली, बैलगाड्यांची रांग रस्त्यावर आली आणि त्या दिवसांत वाळलेल्या उसाचे वजन घटले ते शेतकऱ्यांचे. संचालक मंडळातली माणसे वाईट नव्हती. नव्या प्रकल्पाच्या कोनशिलेवर नाव लागते, दोरावर लागत नाही, एवढाच तो मामला होता.

सरकारी हिशेबातही हेच चालते. बांधकामाचा खर्च भांडवली खात्यात पडतो आणि त्याची घोषणा होते. तेल, रंग, गंज काढणे, वीज, तंत्रज्ञांचे पगार हे सगळे महसुली खर्चात जाते, आणि काटकसरीची वेळ आली की कात्री आधी तिथेच लागते. शिवाय कात्री लावल्याचा परिणाम त्याच वर्षी दिसत नाही. दहा-पंधरा वर्षांनी दिसतो, तोवर कात्री लावणारा अधिकारी आणि मंत्री दोघेही बदललेले असतात.

अरेसिबोच्या आधी बत्तीस वर्षे असेच एक पतन झाले होते आणि त्याची अखेर वेगळी झाली. अमेरिकेच्या वेस्ट व्हर्जिनिया राज्यात ग्रीन बँक येथे १९६२ साली ९१ मीटरची दुर्बीण उभारली होती. ती घाईने आणि स्वस्तात बांधलेली होती, काही वर्षे चालली तरी पुरे अशी अपेक्षा होती, आणि ती सव्वीस वर्षे चालली. १५ नोव्हेंबर १९८८ च्या रात्री सांध्यावरची एक पोलादी जोडपट्टी फुटली आणि सगळा सांगाडा खाली बसला. त्या राज्याचे सिनेटर रॉबर्ट बर्ड हे तेव्हा सिनेटमधील बहुमतवाल्या पक्षाचे नेते होते आणि लवकरच खर्चाच्या मंजुरीची किल्ली ज्या समितीकडे असते तिचे अध्यक्ष झाले. पैसा मिळाला. ग्रीन बँकलाच १०० मीटरची, सर्व दिशांना वळणारी नवी दुर्बीण २००० साली उभी राहिली, आणि तिला बर्ड यांचेच नाव आहे. उलट पोर्टो रिकोला अमेरिकी सिनेटमध्ये एकही सदस्य नाही आणि प्रतिनिधिगृहातील त्यांच्या एकमेव प्रतिनिधीला अंतिम मतदानाचा हक्क नाही. २०२२ साली फाउंडेशनने जाहीर केले की अरेसिबोची दुर्बीण पुन्हा बांधली जाणार नाही. त्या जागी शिक्षण केंद्र चालवण्यासाठी पाच वर्षांत सुमारे ५० लाख डॉलर दिले जातील. विज्ञानाच्या गुणवत्तेत दोन दुर्बिणींमध्ये एवढे अंतर होते असे मला वाटत नाही. अंतर होते ते बोलणाऱ्या माणसाच्या वजनात. रेल्वे, विमानतळ आणि पाणी या तिन्ही बाबतींत सोलापूरला हा अनुभव पुरेसा आहे, म्हणून त्यावर अधिक लिहीत नाही.

आता आपल्याकडे येतो. जगातील सर्वांत मोठ्या रेडिओ दुर्बिणींपैकी एक आपल्या राज्यात, पुणे जिल्ह्यातल्या जुन्नर तालुक्यात, नारायणगावजवळच्या खोडद येथे आहे. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या तेथे आहेत. त्यांपैकी चौदा साधारण चौरस किलोमीटरभर जागेत आणि उरलेल्या सोळा तीन दिशांना पसरलेल्या असून त्या सगळ्या मिळून सुमारे २५ किलोमीटर रुंदीच्या एकाच दुर्बिणीचे काम करतात. जुन्नरचे पाणी कुकडी आणि घोड नद्यांतून भीमेला मिळते आणि उजनीत येते, म्हणजे आपण पितो त्यात खोडदच्या शिवारातल्या पावसाचाही वाटा आहे. ही दुर्बीण ज्यांनी उभी केली ते गोविंद स्वरूप ७ सप्टेंबर २०२० रोजी वारले. तेव्हा अरेसिबोचा पहिला दोर निसटून महिनाही झालेला नव्हता. परदेशातून परतलेल्या या माणसाला होमी भाभांनी टाटा मूलभूत संशोधन संस्थेत जागा दिली. ऑस्ट्रेलियाने दिलेल्या जुन्या लहान तबकड्या घेऊन त्यांनी पहिली दुर्बीण १९६५ साली कल्याणला बसवली. मग उटीला ५३० मीटर लांब आणि ३० मीटर रुंद अशी पन्हाळीच्या आकाराची दुर्बीण १९७० साली सुरू झाली. उटीचा अक्षांश सुमारे ११ अंश आहे, म्हणून तेवढ्याच उताराची डोंगराची बाजू शोधून त्यांनी ती तिथे उत्तर-दक्षिण टेकवली. त्यामुळे दुर्बिणीचा आस पृथ्वीच्या आसाला आपसूक समांतर झाला, आणि फक्त एकाच आसाभोवती फिरवून आकाशातली वस्तू तासन् तास धरून ठेवता येऊ लागली. यंत्र विभागातल्या माणसाला या युक्तीचे कौतुक वाटल्याशिवाय राहत नाही. डोंगराने निम्मे काम फुकट केले.

खोडदची युक्ती आणखी वेगळी. ४५ मीटरची भरीव पत्र्याची तबकडी वाऱ्याला शिडासारखी अडवते, आणि ती तोलायला प्रचंड लोखंड लागते. स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पत्र्याऐवजी स्टेनलेस स्टीलच्या अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास जाडीच्या तारांची जाळी दोरांच्या आधाराने ताणून बसवली. मध्यभागी जाळीची घरे एक सेंटिमीटरची, कडेला दोन सेंटिमीटरची. मीटरभर लांबीच्या लहरीला ही भोके दिसत नाहीत, वारा मात्र आरपार जातो. कमी पैशात मोठे यंत्र बांधण्याचा तो अस्सल देशी हिशेब होता. त्याच दुर्बिणीने ऑक्टोबर २०१६ मध्ये मंगळावर उतरणाऱ्या युरोपच्या शियापारेली यानाचा क्षीण संदेश पृथ्वीवरून टिपला. जून २०२३ मध्ये जगभरच्या गटांनी अतिशय मंद गुरुत्वीय लहरींचे पुरावे जाहीर केले, तेव्हा त्यांतल्या भारतीय गटाची मोजमापे याच तबकड्यांची होती. मधल्या काळात तिचे संवेदक आणि इलेक्ट्रॉनिक्स बदलून तिला नवे रूपही देण्यात आले. जाळीत गुंतलेली पाखरे, गंजणारे सांधे, गिअरबॉक्स आणि मोटारी यांची रोजची निगा घेणारे जे तंत्रज्ञ तिथे आहेत, त्यांचे नाव कोणत्याही शोधनिबंधाच्या मथळ्याखाली नसते.

अशा दुर्बिणीचा दुसरा शत्रू म्हणजे आपण स्वतः. आकाशातून येणाऱ्या लहरी इतक्या क्षीण असतात की जवळचा मोबाइल, इंजिनातली ठिणगी किंवा विजेच्या रेल्वेचा तारेला टेकणारा पँटोग्राफ त्यांना सहज बुडवतो. नियोजित पुणे–नाशिक वेगवान रेल्वेमार्ग नारायणगाव परिसरातून जाणार होता. दुर्बिणीच्या हरकतीनंतर मार्ग बदलण्याचे रेल्वेमंत्र्यांनी जाहीर केले आणि जुन्नर-आंबेगाव भागात नाराजी उमटली. या नाराजीला विज्ञानविरोध म्हणणे अन्यायाचे आहे. द्राक्षे, टोमॅटो आणि भाजीपाला पिकवणाऱ्या त्या पट्ट्याला रेल्वे हवी असणे स्वाभाविक आहे. देशाच्या विज्ञानासाठी त्या तालुक्यांनी रेल्वे आणि उद्योगधंद्यांवर पाणी सोडायचे असेल, तर त्याची भरपाई देशाने रस्ते, शीतगृहे आणि शिक्षण या रूपाने केली पाहिजे, आणि तीही दुर्बिणीच्या खर्चातच धरली पाहिजे. ‘तुमच्या गावात जागतिक दर्जाची दुर्बीण आहे’ एवढ्या अभिमानावर शेतमाल बाजारात पोहोचत नाही. ही भरपाई न देता मार्ग बदलला, तर उद्या दुर्बीणच हलवा अशी मागणी होईल आणि ती मागणी करणाऱ्यांना दोष देता येणार नाही.

आता मूळ पत्रलेखकाच्या प्रश्नाकडे. उपयोग काय? वाय-फायचे उदाहरण अशा वेळी हटकून दिले जाते. रेडिओ खगोलशास्त्रातल्या तंत्रातून ऑस्ट्रेलियातल्या शास्त्रज्ञांना ते सुचले, हे खरे आहे, पण मी त्या जोरावर पैसे मागणार नाही. कारण कोणत्या शोधातून काय निघेल याची हमी देऊन मागितलेला पैसा पुढे खोटे बोलायला लावतो. त्याऐवजी सोलापूरचाच हिशेब मांडतो. आपल्याकडे कोरडवाहू शेतीचे संशोधन १९३३ पासून सरकारी पैशावर चालू आहे. आपल्या ताटात आजही मानाने बसणारी मालदांडी ३५-१ ही ज्वारी मोहोळच्या केंद्रात स्थानिक वाणातून निवडलेली आहे, स्वातंत्र्याच्याही आधी. केगावचे राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र २००५ चे, आणि ‘सोलापूर लाल’ हे वाण त्याच केंद्रातले. पुण्याच्या हवामानशास्त्र संस्थेने २०१८ आणि २०१९ च्या पावसाळ्यांत सोलापूरवर विमाने उडवून ढगांत क्षाराचे कण पेरण्याचा शास्त्रशुद्ध प्रयोग केला आणि पेरलेल्या ढगांखालच्या भागात सुमारे १८ टक्के अधिक पावसाची नोंद केली. यातले एकही काम एका निवडणुकीच्या मुदतीत बसणारे नव्हते. ज्वारीच्या वाणाला दहा वर्षे लागतात हे आपल्याला मान्य असेल, तर पल्सारच्या, म्हणजे घड्याळासारख्या नियमित ठोक्यांनी लहरी सोडणाऱ्या मृत ताऱ्याच्या, ठोक्यांची पंधरा वर्षांची अखंड नोंद ठेवणाऱ्याला मध्येच वीजबिलासाठी थांबवू नये, हे मान्य करायला अडचण नसावी. अखंड नोंद तुटली की नंतर कितीही पैसे ओतून मधली वर्षे विकत मिळत नाहीत.

पाण्याचा प्रश्न दुर्बिणीमुळे अडलेला नाही, हेही नम्रपणे सांगतो. भारताचा संशोधनावरील एकूण खर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या सुमारे ०.६४ टक्के आहे. चीन अडीच टक्क्यांच्या आसपास आणि दक्षिण कोरिया पाच टक्क्यांच्या जवळपास खर्च करतो. उजनी बहुतेक वर्षी भरत असताना शहराला पाणी का मिळत नाही, याचे उत्तर जलवाहिन्यांच्या कामात आणि त्यांच्या देखभालीत शोधावे लागेल, म्हणजे पुन्हा तेच. खोडद बंद केल्याने आपल्या नळाला एक तांब्या पाणी वाढणार नाही.

केंद्राने विज्ञानाला काहीच दिलेले नाही असे म्हणणेही चुकीचे आहे. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ उभारायच्या, गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या लायगो-इंडिया प्रकल्पाला एप्रिल २०२३ मध्ये सुमारे २,६०० कोटी रुपये मंजूर झाले. ऑस्ट्रेलिया आणि दक्षिण आफ्रिकेत उभ्या राहत असलेल्या आंतरराष्ट्रीय ‘एसकेए’ दुर्बिणीतील भारताच्या सहभागासाठी १,२५० कोटी मान्य झाले, आणि त्याचे नेतृत्व खोडदची दुर्बीण चालवणाऱ्या पुण्याच्याच केंद्राकडे आहे. अनुसंधान राष्ट्रीय प्रतिष्ठानासाठी पाच वर्षांत ५०,००० कोटींचे उद्दिष्ट ठेवले आहे. पण त्यातले ३६,००० कोटी सरकारबाहेरून, म्हणजे उद्योग आणि देणगीदारांकडून यायचे आहेत. आमच्या धंद्याची माणसे ओळखून असल्यामुळे मी एवढे सांगू शकतो की एखादी कंपनी नव्या प्रयोगशाळेला नाव देईल. तबकडीच्या बेअरिंगला ग्रीस लावण्यासाठी दर वर्षी धनादेश देणारी कंपनी मी पाहिलेली नाही. आणि नव्या घोषणांच्या शेजारीच विद्यार्थ्यांना मूलभूत विज्ञानाकडे वळवणारी किशोर वैज्ञानिक प्रोत्साहन योजना २०२२ साली थांबली, लोकांपर्यंत विज्ञान नेणारी ‘विज्ञान प्रसार’ ही संस्था तर गुंडाळलीच गेली. मोठी यंत्रे येणार आणि ती चालवणारी मुले घडवणाऱ्या योजना जाणार, हा मेळ मला लागत नाही.

हिंगोलीचा विषय अमेरिकेशीही जोडलेला आहे. गुरुत्वीय लहर आकाशात कुठून आली हे एका उपकरणावरून सांगता येत नाही. एकमेकांपासून दूर असलेल्या अनेक ठिकाणी ती किती क्षणांच्या अंतराने पोहोचली यावरून दिशा ठरते. २०२५ साली अमेरिकी प्रशासनाने नॅशनल सायन्स फाउंडेशनचा निधी निम्म्याहून अधिक घटवण्याचा आणि तेथील दोन लायगो केंद्रांपैकी एकच चालवण्याचा प्रस्ताव मांडला होता. असे प्रस्ताव कुठल्याही वर्षी पुन्हा येऊ शकतात. तसे झाले तर आपण खर्च केलेल्या २,६०० कोटींचे शास्त्रीय मोलही घटेल. म्हणून दुसऱ्याच्या देशातली कपात ही आपल्या मराठवाड्याची बातमी आहे, आणि ती मराठी वृत्तपत्रांत आतल्या पानावर चार ओळींत येऊ नये.

माझी मागणी मोठी नाही. ज्या वैज्ञानिक प्रकल्पाला केंद्र मंजुरी देईल, त्याच्या मंजुरीच्या ठरावातच पुढील तीस वर्षांचा देखभालीचा वार्षिक खर्च लिहावा. तो स्वतंत्र शीर्षाखाली ठेवावा, आणि दुसरीकडे वळवायचा झाल्यास संसदेची परवानगी लागावी. प्रत्येक मोठ्या यंत्राची पाच वर्षांतून एकदा बाहेरच्या अभियंत्यांकडून तपासणी व्हावी आणि तो अहवाल लोकांसाठी खुला असावा. शास्त्रज्ञ आकाशाकडे पाहतात, आणि तेच त्यांचे काम आहे; सॉकेटकडे पाहणारा माणूस वेगळा लागतो. आपल्या जिल्ह्याच्या दोन्ही खासदारांनी, कोणत्याही पक्षाचे असोत, लोकसभेत एक लेखी प्रश्न विचारावा की खोडद आणि उटीच्या दुर्बिणींच्या देखभालीसाठी अणुऊर्जा विभागाने गेल्या दहा वर्षांत दर वर्षी किती मागितले आणि किती मिळाले. लेखी प्रश्नाला खर्च येत नाही. दर वर्षी २८ फेब्रुवारीला राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या सुमारास खोडदची दुर्बीण लोकांना पाहायला खुली असते आणि राज्यभरच्या शाळा तेथे प्रदर्शने घेऊन येतात. जिल्हा परिषदेने तालुक्यामागे एक एसटी जरी लावली, तरी अक्कलकोट, मंगळवेढा, सांगोल्याची मुले तबकडीखाली उभी राहून ती वळताना पाहतील, आणि तिच्या गिअरबॉक्सला तेल कोण घालतो हे तिथल्या तंत्रज्ञाला विचारतील.

आपल्या वृत्तपत्राकडेही एक विनंती आहे. अर्थसंकल्पाच्या दुसऱ्या दिवशी पहिल्या पानावर ‘काय स्वस्त, काय महाग’ अशी चौकट असते. तिच्या शेजारी आणखी एक लहान चौकट द्यावी : राज्यात असलेल्या केंद्रीय विज्ञान संस्थांच्या देखभालीसाठी मागील वर्षी किती तरतूद होती, सुधारित अंदाजात ती किती उरली आणि या वर्षी किती ठेवली आहे. हे आकडे खर्चाच्या खंडांत छापलेले असतात, फक्त ते कोणी काढून दाखवत नाही. आकडे काढायला मनुष्यबळ कमी पडत असेल तर मी रिकामा आहे आणि मला त्या तक्त्यांची सवय आहे.

कळावे,
आपला नियमित वाचक,
एक निवृत्त यंत्र अभियंता,
होटगी रस्ता, सोलापूर